बुटाच्या दुकानाची लंगडी पाटी

१

गुटगुटीतपासून कुणाला किती फायदा होणार होता, हे आधीच मांडून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे रडारड नको.

गुटगुटीत हे कुणा बाळाचं नाव नव्हे. ते अक्षर होतं. जाड, गोल, आठवडाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं कोपरे विसरलेलं. पाट्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळा बाजार ताई म्हणत असे, हे वळण वर्षभर खपून घडवलं होतं. त्यातला 'ब' जेवून उठल्यासारखा दिसायचा आणि 'ठ' जेवायला बसल्यासारखा. गावात लहान मुलांचं नवं रुग्णालय उभं राहत होतं, आणि तिथल्या दारादारावर, जिन्याजिन्यावर हेच अक्षर लागणार हे जवळजवळ ठरलं होतं.

तर ताईच्या रकान्यात: नाव. आजवर तिने दुसऱ्यांची अक्षरं कापून विकली. स्वतःचं अक्षर भिंतीवर चढायची ही पहिलीच खेप. तिच्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या रकान्यात: सांगायला नवी गोष्ट. वन्सं कार्यशाळेचा फोन आणि गिऱ्हाइकं सांभाळत. चहा निवायच्या आत बातमी चार घरी पोचवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिथेच कामाला असलेल्या पेंटरबुवांच्या रकान्यात: डोकेदुखी. बुवांचं आयुष्य ब्रशाच्या जाडबारीक फटकाऱ्यांत गेलेलं. गोल अक्षराला ते 'सुजलेलं' म्हणत. समोरच्या फुटपाथावरच्या काटकोनशेठच्या रकान्यात: घाटा. तेही पाट्याच बनवत. त्यांची अक्षरं चौकोनी, मिशी चौकोनी, स्वभावही तसाच. खरं नाव त्यांच्या बायकोला आठवत असलं तर असेल.

राहिले ताईचे यजमान. शाळेतले भूमितीचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या रकान्यात शून्य. ना नफा, ना तोटा. शून्याची बेरीज करत कोण बसतो?

त्या सकाळी ताईने कार्यशाळेचं शटर वर ढकललं, सहज वळून चौकाकडे पाहिलं, आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून खाली पडला.

चौकातल्या नव्या बुटाच्या दुकानावर पाटी चढली होती. नारिंगी, ठसठशीत, काल नव्हती अशी. 'टकाटक बूट हाउस.'

आणि ती गुटगुटीतमध्ये होती.

२

त्या पाटीखालून गाडी नेत सगळ्यात आधी आल्या त्या रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. कार्यशाळेत शिरल्या, पण खुर्ची घेतली नाही. ही लक्षणं चांगली नव्हेत, हे वन्संनी ओळखलं आणि त्या फोनसकट मागच्या खोलीत सरकल्या. कान मात्र पुढच्याच खोलीत होते.

"मी कुणावर आळ घेत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ते अक्षर तुमचं की समोरच्या शेठचं? पाटी त्यांनी कापलीय म्हणे. मी त्यांना विचारलं, तर ते नुसते हसले."

"माझं आहे हो! हे बघा कागद, हे बघा कच्चे आराखडे..."

"कागद तेही दाखवतील. आणि भिंतीवर आधी त्यांचं लागलंय." डॉक्टरीणबाईंचा आवाज जरा खाली आला. "मलाच वाईट वाटतंय. आमच्या जुन्या इमारतीतली अक्षरं इतकी टोकदार आहेत, की वाचता न येणारी पोरंसुद्धा दार बघून रडतात. तुमचा तो 'तपासणी' शब्द पाहून माझ्या एका पेशंटाने त्याच्या पोटावर हात फिरवला होता. त्या अक्षराच्या पोटावर! पण माझ्या भिंतीवर मला भांडण नकोय. संध्याकाळी संचालकांची बैठक आहे. त्याआधी माझी खात्री पटली तर ठीक. नाहीतर जुनंच टोकदार राहील."

त्या गेल्या. ताई स्टुलावर बसली. काम गेलं असतं तर तिने दुसरं शोधलं असतं. पण स्वतःच्याच अक्षराची चोर म्हणून बाजारात फिरायचं, हे तिच्याच्याने झालं नसतं.

मागच्या खोलीत वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा फोन योग्य ठिकाणी लावला. "आत्या, लगेच या. आमच्या वहिनीचं अक्षर चोरीला गेलंय."

आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची बहीण. विमा कंपनीत दावे तपासण्यात तिची नोकरी गेली. जळालेल्या गोदामात जाऊन, जळायच्या आधी तिथे काय नव्हतं ते ती सांगायची. निवृत्तीनंतर तिच्याकडे एक पेपरमिंटची डबी, एक भलीमोठी पर्स आणि दुसऱ्यांच्या भानगडींसाठी भरपूर वेळ उरला होता.

रिक्षातून उतरून ती आधी कार्यशाळेत आलीच नाही. चौकात जाऊन पाटीसमोर उभी राहिली. मान डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, एक डोळा मिटला. मग ताईला हाक मारली.

"पोरी, मला अक्षरातलं काही कळत नाही. पण ही पाटी लंगडतेय का गं?"

सकाळपासून रागाने लाल झालेल्या ताईने ती पाटी पहिल्यांदा नीट पाहिली.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे माझं नाहीच!"

३

"तुझं आहे की नाही, एक काय ते सांग," आत्या म्हणाली. "दाव्यात दोन जबान्या चालत नाहीत."

"आहे माझंच. पण बिघडवलंय. तो 'क' बघ, नीट उभा आहे. आणि ते दोन्ही 'ट' बघ. पाय वर घेऊन बसल्यासारखे."

खरंच. 'टकाटक'मधले ट आखूड वाटत होते आणि क लांब. वाचताना जिभेला ठेच लागावी तशी डोळ्याला लागत होती. बुटाचं दुकान, आणि पाटीच लंगडी.

बूटवाला दारात ताज्या खोक्यांची चळत लावत होता. तरुण, तेल लावून चापून भांग पाडलेला. अक्षर कुणी दिलं म्हटल्यावर त्याने कानाच्या पाळ्या धरल्या.

"नाव नाही सांगणार. शब्द दिलाय."

"अरे, एका बाईचं नाव बुडतंय तुझ्या शब्दापायी."

त्याचा चेहरा पडला. "खरंच का हो? मला तर सांगितलं होतं, सगळे खूश होतील. पण तरी नाही सांगू शकत. ज्यांना शब्द दिला त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीत बसलेलो नाही. तुम्हीच सांगा, त्यांचं नाव कसं फोडू?"

"पैसे किती घेतले त्यांनी अक्षराचे?"

"छे, पैसे कसले! भेट दिली. दुकानाच्या उद्घाटनाला. कागदाचे नमुने दिले आणि म्हणाले, समोरच्या शेठकडून कापून घे."

"समोरच्याच? ताईकडून नको?"

"ताईंकडून मुळीच नको, असं दोनदा बजावलं."

आत्याने पेपरमिंट तोंडात टाकलं. चोरीचा माल फुकट वाटणारा चोर तिला सबंध नोकरीत भेटला नव्हता.

"बरं," ती निघताना म्हणाली, "पायातलं दाखव काहीतरी. पण पाटीसारखं नको. दोन्ही पाय सारखे टेकले पाहिजेत."

४

ताईचं घर कार्यशाळेच्या वरच. जिन्याच्या तोंडाशी चपलांच्या जोड्या अशा लावलेल्या की कवायतीला उभ्या आहेत. आत्या येताच जावईबापू, म्हणजे ताईचे यजमान, स्वतः चहा घेऊन आले.

"या आत्याबाई. बसा. नाही, जरा इकडे सरकून, म्हणजे टेबलाच्या मध्यावर याल."

आत्या मध्यावर आली. चार कपांचे कान एकाच दिशेला होते. बशीतली बिस्किटं एकावर एक, कडेला कड लावून. टेबलक्लॉथच्या झालरी कुणीतरी कात्रीने एका लांबीच्या केल्या होत्या.

"पाटी पाहिलीत, जावईबापू?"

"पाहिली." त्यांनी बिस्किटांची चळत उगाच पुन्हा ठोकून सरळ केली. "सगळे म्हणतात, वाईट दिसतेय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कोण विचारतं? मी या घरात फक्त पंख्याची पाती पुसतो. पातं न् पातं." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच आटोपलं. "ताई फार दमलीय. तिचं नुकसान व्हायला नको हो."

तेवढ्यात ताईपाठोपाठ वन्सं आल्या आणि कुणी न विचारताच रडू लागल्या.

"माझंच चुकलं! मी फोटो काढला होता. ताईच्या टेबलावरच्या अक्षरांचा. आणि माझ्या मैत्रिणींना पाठवला. फक्त जवळच्या!"

"किती जवळच्या?"

"आत्या, आता सगळेच जवळचे असतात."

"म्हणजे सगळ्या गावाला," ताई कपाळाला हात लावून म्हणाली. "वन्सं, तुम्हाला गुपित सांगण्यापेक्षा दवंडी स्वस्त पडली असती."

"अगं, अभिमान वाटला म्हणून गं पाठवला!"

चोराचं दार सापडलं असं सगळ्यांना वाटलं. फोटो गेला, कुणीतरी उतरवून घेतला, संपलं. पण आत्या मात्र आपला तळपाय वळवून बघत होती. घरात वावरताना त्याला काहीतरी चिकटलं होतं. तिने ते नखाने सोडवून उजेडात धरलं.

चंद्रकोरीच्या आकाराचं, पातळ, बोटभर लांबीचं कात्रण. एका बाजूने काळंकुळकुळीत, दुसऱ्या बाजूने पांढरं.

"कोण नखं कापतंय गं या घरात?" आत्या म्हणाली. "आणि कुणाची? अस्वलाची?"

कुणीच हसलं नाही. आत्याने कात्रण पेपरमिंटच्या डबीत ठेवलं, आणि कचऱ्याच्या डब्याकडे जाऊन खुशाल आत हात घातला.

डब्यात अशी आणखी बरीच अस्वलं होती.

५

पेंटरबुवा खाली एका दुधाच्या दुकानाचं नाव रंगवत होते. आत्या शेजारी उभी राहिली तरी त्यांचा ब्रश थांबला नाही.

"मला काय विचारता? मला ते अक्षर आवडत नाही, हे मी ताईच्या तोंडावर सांगितलंय. सुजलंय ते. बँकेवर लावा, लोक पैसे काढून घेतील. कोर्टावर लावा, आरोपी हसत हसत आत जाईल. बारीक छापा, पोटं बुजून नुसते डाग दिसतील."

"मग चांगलं कुठे?"

बुवा जरा घुटमळले. "लांबून. घाईत. घाबरलेल्या माणसाला." ब्रश थांबला. "एखादी आई पोराला काखेत मारून पळत येतेय, तिला 'तातडीचा विभाग' हे या टोकापासून त्या टोकाला दिसलं पाहिजे, आणि दिसल्यावर धीर आला पाहिजे. तिथे माझं जाडबारीक काय कामाचं? पण हे मी म्हटल्याचं ताईला सांगू नका."

"रोज दुपारी काटकोनशेठबरोबर बुद्धिबळ खेळता म्हणे."

बुवांचे कान लाल झाले. "खेळतो. तो मला त्याच्याकडे कामाला बोलावतोय, हेही खरं. म्हणून मी अक्षर पळवलं असं म्हणायचंय का?"

"म्हणायचं काही नाही. ती पाटी लंगडते का, एवढं सांगा."

"लंगडणारच! बाई, इकडे या." त्यांनी फळीवर एक लाकडी ठोकळा ठेवला आणि शेजारी तेवढ्याच उंचीचा चेंडू, जो ते हाताला व्यायाम म्हणून दाबत असत. "मोठा कोण दिसतो?"

"ठोकळा."

"मापून बघा. दोघं सारखे. ठोकळा फळीवर सगळा बसतो, चेंडू एका टिंबावर. म्हणून चेंडू लहान भासतो. मग गोल पोटाच्या अक्षराला आपण काय करतो? रेषेच्या किंचित खाली उतरवतो. ट, ठ, ढ, द, सगळे. मोजलंत तर चूक, बघितलंत तर बरोबर. ताईच्या ट ला ते पोट होतं. त्या पाटीवरच्या ट चं पोट कुणीतरी रेषेबरोबर तासून टाकलंय. हवा गेलेल्या चेंडूसारखा खाली सपाट झालाय तो." स्वतःच्या नावडत्या अक्षरासाठी इतकं तापलेला माणूस आत्याने कधी पाहिला नव्हता. "चोरी परवडली! ही तर कत्तल आहे!"

आत्याने मनातल्या मनात दोन नावांवर काट मारली. मग पर्समधली डबी चाचपून ती रस्ता ओलांडून थेट काटकोनशेठच्या दारात गेली.

६

काटकोनशेठ हिशेबाच्या टेबलामागे हाताची घडी घालून बसले होते. चेहऱ्यावर सकाळचंच हसू.

"गिऱ्हाइकाचं काम गिऱ्हाइकापाशी," ते म्हणाले. "मी काही बोलणार नाही."

"नका बोलू. मी फक्त अभिनंदन करायला आले." आत्या ऐसपैस बसली. "सुंदर काढलंत अक्षर. विशेषतः ते ट. काय ते बसके, काय ते थिटे! चौकात लोक थांबून बघतायत. म्हणतायत, शेठचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही."

हसू जरा आकसलं.

"वय होतं माणसाचं," आत्या पुढे म्हणाली. "नजर जाते. रेषेखाली पोट किती सोडायचं, हे विसरायला होतं. त्यात लाजायचं काय?"

"मी विसरलो?" शेठ ताडकन उभे राहिले. खुर्ची मागच्या मागे आडवी झाली. "मी? अहो बाई, मी चौकोनी अक्षर काढतो, पण माझा ट कधी थिटा पडला नाही! असला ट मी काढीन? मी कापला फक्त! त्या बूटवाल्याने कागदाचे नमुने आणले, ते मशीनला दाखवले, मशीनने कापले. हे बघा!" त्यांनी मागच्या फळीवरून कागद ओढून काढले. "त्याच्या जोडणीत मी केसाचाही फरक केला नाही!"

"मग सकाळी डॉक्टरीणबाईंसमोर हसलात का?"

शेठ ओशाळले. मिशीची एक बाजू वाकडी झाली. "मला वाटलं, ताईंचंच अक्षर. त्यांनीच दिलं असेल त्या पोराला. आणि लंगडतंय! वर्षभर सगळा बाजार त्या गुटगुटीतचं कौतुक ऐकतोय. म्हटलं, पडू दे उघडं. हसलो. हसण्याला काही मनाई आहे का?"

"नाही. पण ते फुकटही नसतं," आत्या म्हणाली. "हे नमुने घ्या आणि चला. दोन्ही दुकानांच्या माणसांना ताईकडे बोलावलंय. डॉक्टरीणबाईही येतायत."

"चोर सापडला?"

"तो मघाशी मला चहा देत होता," असं आत्याने म्हणायला हवं होतं. ती म्हणाली फक्त, "बघू या कोण कसं अक्षर लावतं ते."

७

कार्यशाळेत एका कोऱ्या फळीवर आत्याने दोन आडव्या रेषा आखून घेतल्या होत्या. वरची अक्षरांच्या डोक्याची, खालची पायाची. ताईच्या मूळ नमुन्यावरून कापलेले लाकडी 'ट' आणि 'क' टेबलावर होते. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत दाराशी बसल्या. जावईबापूंना मधली खुर्ची मिळाली. बूटवाल्यालाही स्टूल दिलं, पण तो भिंतीला टेकून उभाच राहिला. आत्याने ते पाहिलं आणि पेपरमिंट चघळलं.

"खेळ सोपा आहे. प्रत्येकाने ट आणि क शेजारी शेजारी लावायचे, चांगले दिसतील असे. डोकं एकसारखं राहतंय ते मी बघते, तुम्ही पाय बघा. ट उंचीला लहानमोठा हवा असेल तर तीन मापांचे ठेवलेत, हवा तो उचला."

वन्संनी पहिला हाताला लागला तो उचलला, तिरका लावला आणि त्याचा फोटो काढला. पेंटरबुवांनी न बघता, खरंच न बघता, सगळ्यात पोटाळ ट घेतला. तो खालच्या रेषेच्या किंचित खाली उतरला. काटकोनशेठ नाक मुरडत आले, "गोल अक्षराला मी हात लावत नाही" म्हणाले, आणि नेमका तोच ट उचलला.

"आता जावईबापू."

जावईबापूंनी खिशातून गुण्या काढला. निवृत्त झाले तरी तो कंपासपेटीतला गुण्या त्यांच्या खिशातून गेला नव्हता. तिन्ही ट मापले. मधल्या मापाचा घेतला. रेषेवर ठेवला. गुण्या लावून पाहिला. केसभर सरकवला. मग दोन पावलं मागे आले आणि इतका वेळ कोमेजलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"आता बरोबर. तंतोतंत."

फळीवर 'टकाटक'ची पाटी पुन्हा लंगडत होती.

आत्याने डबी उघडली, शेठच्या हातातला कागदाचा ट टेबलावर ठेवला, आणि तळपायाला चिकटलेली ती काळी चंद्रकोर अलगद त्याच्या सपाट पोटाखाली सरकवली. कडेला कड बसली. मग ताईचा मूळ कागद वरून धरून खिडकीच्या उजेडात दाखवला. आकार एकात एक मिसळला.

"बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "गोल पोट कापून सपाट करता येतं. सपाट पोटाला मागून चंद्रकोर उगवत नाही. म्हणजे आधी कोण? ताईचं. वन्संच्या फोटोवरून कुणी उतरवलं असतं तर पोटही उतरलं असतं. बुवांना आणि शेठला पोट कापायला सांगितलं असतं तर त्यांनी आधी सांगणाऱ्याला कापलं असतं. उरलं कोण? ज्याला रेष कळते, पण डोळ्यावर विश्वास नाही. ज्याच्या घरी ही कात्रणं पडतात. आणि ज्याच्यासमोर त्याचा जुना विद्यार्थी," तिने बूटवाल्याकडे मान वळवली, "रिकामं स्टूल असूनही बसत नाही."

"सर," बूटवाला रडवेला झाला, "मी नाही हो सांगितलं!"

"अहो?" ताई म्हणाली.

जावईबापू गुण्याशी खेळत राहिले. "वर्षभर बघतोय मी," ते हळूच म्हणाले. "इतकं सुंदर काम, आणि निम्मी अक्षरं रेषेबाहेर. म्हटलं, घाईत राहिलं असेल. उद्या मोठी मोठी माणसं बघतील, हसतील तुला. म्हणून झेरॉक्स काढून आणली आणि ब्लेडने सगळी नीट करून घेतली. एक एक. तुला अचानक दिसावं म्हणून पोराला दिली. तू म्हणशील, अगंबाई, आज कसं छान दिसतंय..."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"सकाळी तुम्ही सगळे त्या पाटीला लंगडी म्हणालात. मी गॅलरीतून ऐकत होतो." त्यांनी गुण्या टेबलावर ठेवला. "जन्मभर पोरांचे मार्क कापले मी, रेषेबाहेर गेलं म्हणून. आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि बैठकीचं मला माहीत नव्हतं गं. ते कळल्यावर तर जीभच उचलेना."

"पण मला विचारायचंत तरी!"

"विचारलं असतं तर अचानक कसं दिसलं असतं?"

ताईला हसू फुटलं. ते इतकं वाढलं की तिला फळीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "अहो, तो चेंडू आणा बुवांचा. बसा इथे माझ्याजवळ. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं."

डॉक्टरीणबाई उठल्या. पर्स खांद्याला लावली.

"माझ्या भिंतीवर भांडण नको, असं म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "नवराबायकोचं चालेल."

८

आता कुणाला काय पडलं, ते.

काटकोनशेठना त्यांचं हसू महाग पडलं. बुटाच्या दुकानाचे सगळे ट त्यांना पदरचे नवे कापून द्यावे लागले. ट काढून नेले तेव्हा दिवसभर पाटीवर 'काक बू हाउस' एवढंच उरलं होतं. बघायला गर्दी झाली आणि गर्दीने बूट घेतले, त्यामुळे बूटवाल्याच्या रकान्यात नफा. मात्र सरांसमोर तो अजून बसत नाही, म्हणजे पायांचा घाटा.

पेंटरबुवांनी गुटगुटीतबद्दल जे चांगलं बोलून ठेवलं होतं, ते आत्याने सगळ्यांसमोर फोडलं. त्या धक्क्यातून ते सावरायच्या आत शेठनी त्यांचा वजीर मारला. वन्संकडून ताईने वचन घेतलं, की रुग्णालयाच्या पाट्या लागेपर्यंत एकही फोटो जाणार नाही. वन्संनी ते पाळलं. त्या काळात त्यांचं वजन उतरलं, असं त्या स्वतःच सांगतात.

आत्याला नवे बूट मिळाले. दोन्ही सारखे टेकतात.

ताईला नाव मिळालं, आणि त्याबरोबर दर संध्याकाळी टेबलाशी शेजारी बसून "हे असं का?" विचारणारा एक निवृत्त विद्यार्थी. कसा का असेना, तो पहिल्या बाकावर बसतो.

आणि जावईबापू? त्यांच्या रकान्यातलं शून्य ताईने पुसलं. पाट्या भिंतीवर सरळ टांगायच्या कामावर त्यांना नेमलं. तिथे त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. रुग्णालयातली एकही पाटी केसभर कलती नाही. मात्र आतल्या अक्षरांना हात लावायचा नाही, ही अट होती.

शेवटची पाटी लागली ती 'टाके काढण्याची खोली' ही. जावईबापू शिडीवरून उतरले, मागे सरकले, पाटी निरखली. सरळ. अगदी सरळ. मग त्यांची नजर त्या गुबगुबीत ट वर गेली. तो रेषेखाली उतरून, पोट सोडून, निवांत बसला होता. जावईबापूंचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. गुण्या ताईच्या पर्समध्ये होता.

"जरा खाली आलाय," ते पुटपुटले.

"येऊ दे," ताई म्हणाली.

रुग्णालयाच्या पाट्यांचं बिल कुणी चुकतं केलं ते वन्संना विचारा, त्या सांगतील. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतील. पण त्या ट ची खरी किंमत जावईबापूंनी मोजली, आणि तीही रोख, तिथल्या तिथे. त्यांनी ओठ घट्ट मिटले, शिडी काखेत मारली, आणि एक शब्द न बोलता घरी आले.